मानेमागची पिसे

त्या प्रदेशात कोणत्याही पक्ष्याला स्वतःच्या मानेमागची पिसे स्वतः विंचरता येत नसत. चोच कितीही लांब असली आणि मान कितीही वळली, तरी तेवढी जागा सुटतच असे: मानेमागची, आणि पंखांच्या मुळाशी दडलेली. तिथे धूळ साचे, बारीक किडे धरत, आणि विंचरले गेले नाही तर पीस वाकडे होई. वाकड्या पिसांनी डोंगर ओलांडता येत नसे. म्हणून तिथे प्रत्येकाला कधी ना कधी दुसऱ्या कोणाच्या चोचीखाली मान द्यावी लागे.

डोंगराच्या अलीकडे एक मोठे तळे होते. पाण्यावर धुके धरू लागले की गावोगावचे तरुण क्रौंच या तळ्यावर शिकायला येत. वारा कुठे उचलतो आणि कुठे आपटतो, ढगाच्या पोटाखालून कसे जायचे, बाणाच्या आकारात कसे उडायचे, हे सगळे तिथले थोर पक्षी शिकवत. वारा फिरला की ओलांडणीचा दिवस येई. जो डोंगर ओलांडे, त्याला पलीकडच्या नद्यांवर घरट्याची जागा स्वतः निवडता येई. जो राहील, त्याला गावी परत फिरावे लागे, नाहीतर आटत्या तळ्याच्या चिखलात थोरांनी दाखवलेल्या जागी आयुष्य काढावे लागे.

तळ्यावर एक जुनी रीत होती. नर आणि मादी जोडी धरत, आणि सकाळच्या उन्हात एकमेकांची पिसे विंचरत. रीतीला एकच नियम होता. मान खाली असेल तर विंचरावे, मान वर झाली की थांबावे. हा नियम तळ्यावर कोणी शिकवत नसे. तो सगळ्यांना घरूनच ठाऊक असतो, असे धरले जाई. प्रेमाने दिलेले पीस जोडीदाराने आपल्या पंखात खोवावे, अशीही रीत होती. खोवलेल्या पिसांनी पंख रुंद दिसत, आणि खरोखर रुंद होतही.

थोर पक्ष्यांची आणखी एक सवय नव्या पाखरांच्या लगेच लक्षात येई. ते सगळे एका पायावर उभे राहत. दुसरा पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला असे. नवी पाखरे आपापसात हसत आणि त्यांची नक्कल करू पाहत, पण त्यांचा तोल जाई. कोणाचा कोणता पाय आत आहे, आणि का, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

त्या वर्षी लव्हाळी नावाची एक क्रौंची तळ्यावर आली. तिच्या गावातून आजवर कोणी ओलांडले नव्हते. तिची आई ओलांडणीच्या दिवशी तळ्यावरूनच परत फिरली होती, आणि त्याचे कारण तिने कधीच सांगितले नव्हते. लव्हाळीच्या उजव्या पंखात एक लांब राखाडी पीस होते. त्याच्या टोकावर पांढरा ठिपका होता. निघताना आईने त्या ठिपक्यावर चोच टेकवली आणि म्हणाली, "हे पलीकडे पोचलं पाहिजे. मी काही बघायला येणार नाही, पण पोचलं की मला कळेल."

तळ्याच्या काठावरून पहिल्यांदा चालताना लव्हाळीचे सगळे लक्ष डोंगराकडे होते.

"ए लांबमाने! पाय बघून टाक!"

लव्हाळीने उचललेला पाय हवेतच धरला. समोर खड्यांत एक टिटवी पंख फुलवून उभी होती.

"अंडी आहेत माझी तिथं."

"कुठं? मला तर नुसते खडे दिसतायत."

"दिसत नाहीत म्हणून नाहीत, असं असतं होय?"

लव्हाळी तशीच एका पायावर डुलत राहिली. मग खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची अंडी तिला दिसली, आणि तिने पाय हलकेच मागे घेतला. टिटवीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "बरी आहेस," ती म्हणाली. "बाकीचे तर म्हणतात, अंडी रस्त्यात घातलीसच का?"

त्या दिवसापासून त्यांची मैत्री झाली. टिटवीशी मैत्री करणे तळ्यावर चांगले समजले जात नसे. टिटवीचे ओरडणे अशुभ, असे लहानपणापासून सगळ्यांच्या कानावर घातलेले होते.

अंबर हा त्या वर्षीचा सगळ्यांत देखणा उडणारा होता. बाणाच्या टोकाची जागा त्याचीच, हे सगळे धरून चालले होते. टोकावरचा पक्षी वारा कापतो आणि त्याच्या पंखांवरून घसरलेल्या वाऱ्यावर मागचे सगळे अर्ध्या श्रमात तरंगतात. म्हणून टोकावरच्याचे पंख जेवढे रुंद, तेवढे मागच्यांचे कष्ट कमी. अंबरच्या पंखांबद्दल सगळे आपुलकीने बोलत, ते यासाठी.

त्याने लव्हाळीला निवडले तेव्हा तळ्यावरच्या माद्या म्हणाल्या, "नशीब काढलंस."

"किती अवघडलीये तुझी मान," पहिल्या सकाळी अंबर म्हणाला. "कोणी कधी बघितलंच नाही वाटतं नीट?"

लव्हाळी हसली आणि तिने मान खाली केली. त्याची चोच हलकी होती. आपल्याला कधीच न दिसलेली ती जागा कोणीतरी इतक्या जपून विंचरते आहे, याने तिचे डोळे भरून आले. पुढे पुष्कळ दिवस तिने ही सकाळ आठवली. ती खोटी होती का, हे तिला कधीच ठरवता आले नाही.

पहिले पीस असेच एका सकाळी निघाले. बारीक कळ आली.

"दुखलं?" अंबर म्हणाला. "अगं, गळायलाच आलं होतं ते. राहू दे माझ्याजवळ. तुझं काहीतरी माझ्या अंगावर असावं की नाही?"

त्याने ते पीस आपल्या पंखात खोवले. देठाच्या टोकाला लाल थेंब होता. गळालेल्या पिसाचे देठ कोरडे असते, हे कोणत्याही पाखराला कळते. पण शेजारच्या झुडपातल्या दोघी माद्या म्हणाल्या, "आमच्याला मेलं हे सुचत पण नाही," आणि लव्हाळीने लाल थेंबाचा विचार सोडून दिला.

मग एकदा ती वाऱ्याच्या धड्यात अंबरपेक्षा उंच गेली. खाली उतरली तेव्हा थोरांनी मान डोलावली, आणि अंबर तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या सकाळी विंचरताना त्याने शांतपणे विचारले, "काल कोणाला दाखवत होतीस?"

"कोणाला म्हणजे?"

"मी मूर्ख नाही, लव्हाळे."

चोच रुतली. लव्हाळीने मान वर केली. रीतीप्रमाणे त्याने थांबायला हवे होते, आणि तो थांबलाही. क्षणभर काहीच झाले नाही. मग तिच्या मानेवर त्याचा पाय आला. तो जोरात आला नाही. एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा आला. मान चिखलाला टेकली.

"हां," अंबर म्हणाला. "आता खाली आहे."

त्या सकाळी त्याने एकाहून जास्त पिसे काढली. दुपारी तो तिच्यासाठी तळ्याच्या तळातल्या गोगलगायी घेऊन आला आणि तिच्यासमोर बसून रडला. आपल्याला भीती वाटते, असे म्हणाला. तिच्यावाचून आपल्याला उडता येणार नाही, असेही म्हणाला. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "आणि माझ्याशिवाय तुझी मान विंचरणार कोण?" त्या प्रदेशात या प्रश्नाला उत्तर नव्हते.

यानंतर अपराध ठरू लागले आणि प्रत्येक अपराधाला पीस. उशिरा आली, पीस. कोणाबरोबर तरी उडाली, पीस. टिटवीशी बोलली, पीस. कोणी विचारले तर लव्हाळी सांगे, "गळतायत." तो हंगामही पिसे गळण्याचाच होता. तळ्यावर सगळीकडे पिसे तरंगत होती, आणि त्यांतली कोरडी कोणती अन् ओली कोणती हे बघायला कोणी वाकत नव्हते. पांढऱ्या ठिपक्याचे पीस ती पंखाखाली दुमडून ठेवी. एक दिवस तेही गेले.

त्या दिवशी टिटवी ओरडली.

टिटवीचे ओरडणे कानाला गोड नसतेच. ती तळ्यावरून घिरट्या घालत ओरडली, झुडपांवरून ओरडली, थोरांच्या बेटावरून ओरडली. धडे थांबले. माद्यांची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या मावशी एका पायावरच लगबगीने उडी मारत पुढे आल्या.

"गप गं अवदसे! ओलांडणी तोंडावर आलीय, आणि अपशकुन करतेस?"

"मी ओरडले की अपशकुन होत नाही, मावशी," टिटवी म्हणाली. "तो झाला की मी ओरडते."

आता सगळ्यांनी ऐकलेच होते, म्हणून थोरांना बैठक घ्यावी लागली. बेटावर थोर पक्षी अर्धवर्तुळात उभे राहिले, प्रत्येक जण एका पायावर. मधोमध लव्हाळी. अंबरला बोलावले नव्हते. त्याचा सराव बुडाला असता.

"घाबरू नकोस, बाळ," सगळ्यांत थोरले क्रौंच म्हणाले. त्यांचा आवाज मायाळू होता. "आम्ही ऐकायलाच बसलोय. जोडी तू स्वखुशीनं धरलीस?"

"हो."

"पहिलं पीस दिलंस तेव्हा काही म्हणालीस?"

"नाही. पण..."

"पणाचं नंतर बघू. आता नीट आठवून सांग, कारण यावरच सगळं आहे. पिसं निघाली तेव्हा तुझी मान खाली होती की वर?"

"आधी वर होती."

"निघाली तेव्हा?"

"खाली होती. तिच्यावर त्याचा पाय होता."

अर्धवर्तुळात कोणीतरी पंख सारखे केले. सगळे जण आपापल्या पोटाच्या पिसांकडे बघू लागले होते.

"पायाचं विचारलं नाही," थोरले म्हणाले. "रीत मानेची आहे."

मग शेजारच्या झुडपात रोज विंचरायला बसणाऱ्या मारुत नावाच्या नराला विचारले गेले. "माझी चोच चिखलात होती," तो म्हणाला. बैठकीतून बाहेर पडताना तो लव्हाळीच्या जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वाईट वाटतं गं. पण बाणात माझी जागा नेमकी त्याच्या मागं आहे. तूच सांग, मी काय करू?" त्याला खरेच उत्तर हवे होते, असे त्याच्या तोंडावरून दिसत होते.

बैठकीने ठरवले, की पिसे गळाली. तरीही कोणाच्या मनात शंका राहू नये आणि तळ्याचे नाव खराब होऊ नये, म्हणून संरक्षणाची व्यवस्था केली गेली. यापुढे धड्यांची वेळ सोडून प्रत्येक मादीने पंख गुळवेलीने बांधून ठेवायचे. गुळवेल औषधीही असते, असे मावशींनी सांगितले. माद्यांनी रोज सकाळी रांगेत उभे राहून "मान जपा, पंख जपा" असे म्हणायचे. नरांना काही सांगायचे ठरले नाही, कारण त्या वेळेला त्यांचा वाऱ्याचा धडा असे. टिटवीला पलीकडच्या काठावर पाठवले. तिथून ओरडलीस तरी चालेल, असे तिला सांगण्यात आले. त्या काठावरून आवाज येत नसे.

संरक्षणाच्या पहिल्या दिवशी छोटासा समारंभ झाला. पहिली वेल बांधण्याचा मान अंबरला मिळाला. त्याने ती व्यवस्थित बांधली, आणि पक्ष्यांनी चोची वाजवल्या.

लव्हाळीने जोडी मोडली होती. आता तिची मान कोणी विंचरत नव्हते, आणि मानेमागची उरलीसुरली पिसे वाकू लागली होती. एका दुपारी माद्यांच्या झुडपात तिने वेल सोडली आणि पंख उघडून उभी राहिली. पंखाच्या मुळाशी उघडी कातडी दिसत होती.

मग एकीने आपली वेल सोडली. तिच्याही पंखाच्या मुळाशी तीच उघडी जागा होती. मग आणखी एकीने.

"मला वाटलं, मलाच गळ लागलीये," एक म्हणाली.

"माझा मग विंचरून देतो ना. नंतर किती छान वागतो."

"नंतरचं नको सांगूस. नंतर सगळेच छान वागतात."

यावर कोणीतरी हसले, आणि हसू थांबेना. मग ते थांबले, आणि कोपऱ्यातली देवनळी नावाची क्रौंची बोलू लागली. "मोहाला फुलं आली होती तेव्हाची गोष्ट. सगळेच खात होते. मीपण खाल्ली, आणि तिथंच झोप लागली. उठले तेव्हा एक अख्खा पंख उघडा होता. कोणी केलं तेही माहीत नाही. रोज सगळ्यांच्या पंखांत बघत फिरते, माझी कुठली आहेत का. विचारू कोणाला? पहिला प्रश्न येणार, फुलं कशाला खाल्लीस."

देवनळीच्या मानेमागे चिखल वाळून कडक झाला होता. लव्हाळी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. "मान खाली करतेस?" तिने विचारले. "वर केलीस की मी थांबेन."

देवनळीने मान खाली केली. लव्हाळी विंचरू लागली. थोड्या वेळाने आपल्याही मानेमागे कोणाची तरी चोच आहे, असे तिच्या लक्षात आले. त्या चोचीमागे आणखी एक होती. असे करत झुडपात एक कडे तयार झाले. प्रत्येकीची मान कोणाच्या तरी चोचीखाली आणि प्रत्येकीची चोच कोणाच्या तरी मानेवर. कोणी मान वर केली की सगळे कडे थांबे. ती मान पुन्हा खाली झाली की कडे पुन्हा चालू होई. त्या प्रदेशात हे आधी कोणाला सुचले नव्हते. इतके सोपे असून का सुचले नव्हते, असे त्या एकमेकींना विचारत.

त्यांची पिसे फुटू लागली. लव्हाळीच्या पंखात निळसर कोंब आले. पलीकडच्या काठावरून टिटवी कधी कधी दिसे, आणि लव्हाळी तिला पंख उघडून दाखवी. ओलांडणीपर्यंत पिसे पुरी होतील, असे वाटू लागले.

पण आता कोणी विंचरत नसल्याने नरांच्या माना खाजू लागल्या. त्यांची तक्रार थोरांकडे गेली, आणि ती ऐकायला बैठकीची गरज पडली नाही. थोरांनी जुन्या रीतीची आठवण करून दिली. बाणातल्या जागा जोडीने दिल्या जातात, नर एका बाजूला आणि त्याची मादी दुसऱ्या बाजूला. जोडी नसेल त्याला बाणात जागा नाही. हे काही नव्याने ठरवलेले नव्हते, त्यामुळे थोरांना कोणी दोष देऊ शकत नव्हते.

कडे एका दिवसात तुटले नाही. रोज कोणीतरी कमी झाली. प्रत्येक जणी जाताना लव्हाळीपाशी थांबे.

"राग धरू नकोस. मला ओलांडायचंय गं."

"माझा एवढा वाईट नाहीये."

"पलीकडं पोचले की सोडेन त्याला. शपथ."

शेवटी लव्हाळी आणि देवनळी राहिल्या. मग देवनळीचे आईवडील आले आणि तिला घेऊन गेले. तिला उडता येत नव्हते, म्हणून ते तिघे पायीच गेले. आई पुढे, वडील मागे, आणि मध्ये खाली मान घालून देवनळी.

ओलांडणीच्या दिवशी वारा डोंगराच्या दिशेने फिरला. काठावर सगळे थोर जमले होते. अंबर टोकावर उभा राहिला. त्याच्या उजव्या बाजूला एक नवी, कोवळी क्रौंची होती. तिच्या पंखांवर वेलीचे वळ अजून ताजे होते. बाण उचलला गेला. ऋतूभर पंख बांधून ठेवलेल्या कितीतरी माद्यांचे सांधे धरले होते. त्या पाण्यावर धावल्या, फडफडल्या आणि लव्हाळ्यांत कोसळल्या. थोरांनी हळहळत माना हलवल्या. दर वर्षी थोड्या जणी राहतातच, असे ते म्हणाले.

लव्हाळी सगळ्यांच्या मागून, एकटी धावली. पलीकडच्या काठावर टिटवी तिच्या बरोबरीने धावत होती. तिचा आवाज येत नव्हता, पण चोच उघडी दिसत होती. लव्हाळी उचलली गेली. ती लव्हाळ्यांवरून गेली, मोहाच्या शेंड्यांवरून गेली, आणि डोंगराचा कडा तिला पहिल्यांदा समोर दिसला. तिथे वारा भिंतीसारखा आला. पुढे वारा कापणारा कोणी नव्हता. तिचे अर्धे कोंब वाऱ्यात दुमडले.

खाली येताना तिने वर पाहिले. बाण कड्यावरून सरकत होता. टोकावर अंबरचे पंख उन्हात उघडे होते, कोणत्याही क्रौंचाचे नसतील एवढे रुंद. उजव्या पंखात एक पांढरा ठिपका चमकत होता. त्या पंखावरून घसरणाऱ्या वाऱ्यावर मारुत आणि त्याच्यामागचे सगळे पंख जवळजवळ न हलवता तरंगत चालले होते. गावात आईला काहीतरी पलीकडे पोचल्याचे कळले असेल, असे तिला वाटले.

तळे आटू लागले. टिटवी चालत तिच्याकडे आली. आता तिला अडवायला कोणी नव्हते. "चल इथून," ती म्हणाली. "माळ मोठा आहे. उडता नाही आलं तरी चालता येतं."

"नव्या येतील," लव्हाळी म्हणाली. "त्यांना कोणीतरी सांगायला नको? मी राहते."

मावशी जवळच उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच काहीशा वेगळ्या आवाजात बोलल्या. "मीपण सांगायलाच राहिले होते."

धुके पुन्हा धरले आणि नवी पाखरे आली. माद्यांची देखरेख करायला लव्हाळी आता मावशींच्या हाताखाली होती. सुरुवातीला तिने सगळे सांगितले. मान वर केली की त्याने थांबायलाच हवे, आणि नाही थांबला तर दोष मानेचा नाही. थोरल्यांनी तिला बोलावून घेतले. "पोरं घाबरतात, बाळ," ते मायेने म्हणाले. "आईवडील पाठवायचे नाहीत. त्यापेक्षा वेल घट्ट बांधत जा. तेवढं तर तुझ्या हातात आहे ना?" तेवढे तिच्या हातात होते. ती वेल घट्ट बांधू लागली.

मग बातमी आली, की वाऱ्याचा धडा शिकवायला या वर्षी अंबर परत येतो आहे. पलीकडे त्याचे मोठे नाव झाले होते. तो उतरला तेव्हा नव्या पाखरांनी चोची वाजवल्या. त्यांत पोयणी नावाची एक क्रौंची होती. ती सगळ्यांत लहान होती, आणि तिच्या पंखांची पिसे सगळ्यांत लांब होती. अंबरने रांगेवरून नजर फिरवली. ती पोयणीवर येऊन थांबली.

लव्हाळीने ते पाहिले. ती वेल घेऊन धावतच पोयणीकडे गेली.

"इकडे ये. पंख मीट."

"नको ना ताई," पोयणी म्हणाली. "त्यानं नीट उडताच येत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत ना, मान वर केली की थांबायचं म्हणून?" आणि तिने मान वर केली.

"ते त्यांच्यासाठी आहे. मी तुझ्या भल्यासाठी बांधतेय."

"ताई, मान वर आहे माझी."

अंबर जवळ येत होता. वाटेत तो कोणाशी तरी हसून बोलत होता. पोयणी मागे सरकू लागली, वेल निसटू लागली. पलीकडच्या माळावर टिटवी उडाली आणि वेड्यासारख्या घिरट्या घालू लागली. लव्हाळीने पाय उचलला. क्षणभर तो हवेत राहिला, कधीकाळी खड्यांतल्या अंड्यांवर राहिला होता तसा. मग तिने तो पोयणीच्या मानेवर ठेवला. हळूच ठेवला, तिला दुखू नये म्हणून. मान चिखलाला टेकली. लव्हाळीने भराभर वेल गुंडाळली आणि गाठ मारली.

"झालं," ती म्हणाली. "झालं, बाळ. आता काही होणार नाही."

पोयणी रडली नाही. ती नुसती खालून तिच्याकडे बघत राहिली. लव्हाळीने पाय काढला, पण तो कुठे टेकवावा हे तिला कळेना. बेटावरून थोर पक्षी इकडेच पाहत होते, आणि मावशी येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या होत्या.

लव्हाळीने तो पाय हळूहळू पोटाच्या पिसांत ओढून घेतला. तिचा तोल गेला नाही.